हवा वाळवणारं यंत्र आणि माझा पंचा

माझ्या चाळीस वर्षांच्या पत्रकारितेत एकच खुलासा छापून आला. तोही माझाच! आता फजिती सांगायचीच आहे, तर चहा येऊ द्या आधी.

तेव्हा मेहकरात एक सहकारी सोसायटी लोखंडी कपाटं बनवायची. रंग फवाऱ्यानं मारत. त्यासाठी हवा दाबून टाकीत भरायची आणि नळीनं सोडायची. एक दिवस कानावर आलं, मॅनेजर वानखडे नवीन यंत्र घेताहेत. कशासाठी? तर ती दाबलेली हवा वाळवण्यासाठी!

हवा वाळवायची? वैशाखात? जिथं माठातलं पाणी दुपारपर्यंत अर्धं होतं, तिथं?

मी तडक कारखान्यात गेलो. वानखडे दोन कागद पुढ्यात घेऊन बसले होते.

"या भाऊ! कोणतं घ्याव, तेच पाहून राह्यलो. हे हवा थंड करून पाणी काढते. याच्यात पांढरे दाणे असतात, ते ओल शोषून घेतात."

"थंड करून? अहो, गावात दोन घरी फ्रीज नाही आणि तुम्ही हवेसाठी घेताय?"

"भाऊ, हवा दाबली का तिच्यातलं पाणी सुटते. पावसाळ्यात तं लय. सारा रंग खराब होते."

"थांबा, आत्ता दाखवतो!"

खांद्यावरचा पंचा बादलीत बुचकळला आणि नळीसमोर धरला. पाच मिनिटांत खडखडीत! ओल्या हवेनं कधी पंचा वाळतो का, सांगा!

रंगारी रहमतभाई हसला. "भाऊ, या उन्हात तो तुमच्या खांद्यावरबी वाळला असता."

पण मी तिथं बोलायला गेलो होतो, ऐकायला नव्हे! दुपारच्या एसटीनं बातमीचं पाकीट अकोल्याला, पेपरच्या कचेरीत रवाना. 'हवा वाळवण्याचा अजब घाट! वार्ताहराच्या पंच्यानं उघडा पाडला!' खाली माझं नाव, ठळक.

मग काय विचारता! डोणगावच्या बाजारात लोक वानखड्यांना अडवू लागले, "काहो, आमच्या वावरातली हवा काऊन नाही वाळवत?" संचालक घाबरले. यंत्र रद्द! मी छाती फुगवून फिरलो. एवढंच नाही, अशी गाजलेली कात्रणं ठेवायला त्याच सोसायटीत एक कपाट सांगितलं.

आषाढात कपाट घरी आलं. पंधरा दिवसांत दारावर फोड! कपाटाला देवी आल्यासारखे! एक नखानं खरवडला, तर खाली ओल.

मी पुन्हा कारखान्यात. या खेपेला वहीपेन्सिल काढूनच.

"हा गलथानपणा कोणाचा? नाव सांगा, छापतो!"

वानखड्यांनी रहमतभाईला खूण केली. रहमतभाईनं टाकीखालची तोटी फिरवली. भस्सकन तांबूस पाणी माझ्या चपलांवर!

"हे तुमच्या कोरड्या हवेतलं, भाऊ. रोज सोडतो, तरी नळीतून रंगात जाते."

"ते राहू द्या. नाव सांगा!"

वानखड्यांनी ठरावाची वही पुढे सरकवली. 'वृत्तपत्रातील बातमीमुळे यंत्राची खरेदी रद्द.' शेजारी माझं कात्रण चिकटवलेलं, नावासकट.

"छापता ना, भाऊ?"

छापणार नाही तर काय! आमदाराचंही नाव मी कधी दडपलं नाही, माझं का दडपू? तिथंच स्टुलावर बसून लिहिलं. 'कपाटांवरील फोडांना वार्ताहर जबाबदार.' खाली नाव, तितकंच ठळक. असा खुलासा जिल्ह्यात कोणी लिहिला असेल तर दाखवा मला!

सोसायटीनं पुन्हा यंत्राचं मनावर घेतलं. वानखड्यांनी तेच दोन कागद माझ्यापुढे धरले. "भाऊ, कोणतं घेऊ?"

मी दोन्ही हात जोडले.

थंड करणारं आलं. उद्घाटनाला मला बोलावून सत्कार केला. नारळ दिला आणि शालीऐवजी पंचा. ओला! बाहेर श्रावणाची झड.

"घ्या भाऊ," रहमतभाई म्हणाला, "आता वाळवून दाखवा!"

तो पंचा अजून त्याच फोडांच्या कपाटात आहे, खुलाशाच्या कात्रणावर घडी करून ठेवलेला. इतके वैशाख गेले, पण हाताला मात्र मला तो अजून ओलाच लागतो.