पाकीट फेकू नका

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी टपाल उघडत होते. पलीकडून त्यांची मुलगी एवढंच म्हणाली, "अनघाताई, बाबा सकाळी गेले... झोपेतच." मी "हो, हो" म्हणत फोन ठेवला आणि हातातल्या रिकाम्या पाकिटावर त्या दिवसाची तारीख घातली. मग रडू आलं, कारण ही सवय त्यांचीच. देवरे सर नाशिकमधले प्राप्तिकराचे वकील आणि मी त्यांच्या इंदिरानगरच्या ऑफिसात सोळा वर्षं काढलेली त्यांची ज्युनिअर. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला.

सरांकडे माणूस यायचा तो घाबरूनच. कराची नोटीस हातात पडली की भल्याभल्यांची गाळण उडते. सर आधी चहा मागवायचे, त्यांच्या कळवणकडचा कोणी असेल तर अहिराणीत "चिंता करू नको भाऊ, मी शे ना," म्हणायचे आणि मग कॅलेंडरच्या जुन्या पानामागे एक जिना काढायचे. नुसती बेरीज चुकली असेल तर भांडायचं कशाला, दुरुस्तीचा अर्ज द्या. आकारणीच मान्य नसेल तर पहिली पायरी आयुक्तांकडे अपील, तिथं नाही जमलं तर न्यायाधिकरण आणि त्यावर हायकोर्ट, पण तिथं कायद्याचा प्रश्न असेल तरच. सरकारने तडजोडीची योजना काढली असेल तर तीही सांगायचे. "भरून मोकळं होणं हासुद्धा एक मार्गच आहे," असं स्वतःची फी बुडवणारं वाक्य बोलणारा दुसरा वकील मी पाहिला नाही. त्यांचा पारा चढायचा तो एकाच गोष्टीवर. आदेश ज्या पाकिटातून आला ते पाकीट जपायचं, वर तारीख घालायची, फाइलला टाचायचं. अपिलाची मुदत आदेश हातात पडल्यापासून मोजतात आणि तो दिवस सांगतो पाकिटावरचा टपालाचा शिक्का. मला हे म्हातारपणाचं खूळ वाटायचं.

आमचे पक्षकार शब्बीरभाई जुन्या नाशकात तांब्या-पितळेची भांडी घडवतात. तिघा भावांनी मिळून मालेगावचं घर विकलं, सगळी रक्कम शब्बीरभाईंच्या खात्यात जमा झाली आणि ती त्यांची एकट्याची लपवलेली कमाई धरून कर लागला. पहिलं अपील हरलो. न्यायाधिकरणातही हरलो असतो तर त्यांना दुकान विकावं लागलं असतं. तिथलं अपील मी अगदी शेवटच्या दिवशी दाखल केलं, तेही ऐटीत, कारण मुदत पक्की मोजली होती. फक्त पाकीट मी कचऱ्यात टाकलं होतं. पुरावाच नाही म्हटल्यावर मुदत आदेशावरच्या तारखेपासून धरली गेली आणि अपील नऊ दिवस उशिराचं ठरलं. पोस्टातही नोंद मिळेना. सरांना हे सांगितलं तेव्हा शब्बीरभाई समोरच बसलेले. मला वाचवायला तेच पुढे सरसावले. "साहेब, आपला भाचा डॉक्टर हाय. मला टायफाइड झाला व्हता असं सर्टिफिकेट देतो ना तो." सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चूक आमची आणि ताप तुम्हाला? नाही जमायचं, शब्बीरभाई."

सरांनी स्वतःच्या नावाने प्रतिज्ञापत्र केलं, "पाकीट माझ्या कार्यालयाकडून गहाळ झालं, पक्षकाराचा यात काही दोष नाही." माझं नाव कुठेच नव्हतं. चाळीस वर्षं वकिली केलेल्या त्या माणसाने ते न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या खंडपीठापुढे मोठ्याने वाचलं, आणि मागच्या बाकावर मी मान खाली घालून बसले होते. विलंब माफ झाला. पुढे भावांचे कागद पाहून कर रद्द झाला, दुकान वाचलं. पुण्याहून परतताना संगमनेरला चहा घेताना मी माफी मागायला तोंड उघडलं, तर सर म्हणाले, "उद्यापासून केराची टोपली मी तपासणार आहे." आणि महिनाभर त्यांनी ती खरंच रोज तपासली. इतका राग आला होता मला तेव्हा! आज त्या रागाची लाज वाटते.

गेल्या आठवड्यात शब्बीरभाई आले, नवी नोटीस घेऊन. आता नोटिसा पोर्टलवर येतात. टपाल नाही, शिक्का नाही, पाकीटही नाही. शब्बीरभाईंनी मुलाकडून नोटीस छापून घेतली होती, दुकानातून एक खाकी पाकीट आणून त्यात घातली होती आणि वर स्वतःच्या वाकड्या अक्षरात ती मिळाल्याची तारीख लिहिली होती. "सायबांनी सांगितलं व्हतं ना, पाकीट फेकू नका," ते म्हणाले. त्या पाकिटाचा पुरावा म्हणून आता काडीचा उपयोग नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. सरांच्या टेबलावरच्या डबीतली एक टाचणी घेतली आणि ते फाइलला टाचून टाकलं.