वर्ना सांगेल तेव्हा

परवा मेलबर्नला सिनेमावाल्यांचा एक मेळावा होता. वाइन फुकट होती, म्हणून गेलो. तिथे ज्युलियन ॲशकोम माईकवर आला. हा एके काळी एका मोठ्या चित्रपट महोत्सवाचा कर्ताधर्ता होता. नव्या मुलांना उपदेश करताना म्हणाला, "लिओनी ट्रेझाइसचंच घ्या. दारात आलेली संधी तिने स्वतःच्या हाताने घालवली. अंगात गुण होते, पण बाई हट्टी!" लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हट्टी म्हणे! लिओनीच्या तिन्ही सिनेमांचा आवाज मी धरलाय. लांब दांड्याला माईक बांधून उन्हात उभा राहणारा जो माणूस असतो, तो मी, कॉन. ही बाई कशी हट्टी आहे ते मला विचारा. त्या ज्युलियनने एकदा काय केलं, तेही मला विचारा.

लिओनी आमच्या दक्षिणेकडची, तांब्याच्या जुन्या खाणींच्या गावातली. तिचे पणजोबा विलायतेतल्या कॉर्नवॉलहून खाणीत काम करायला आले, आणि मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या करायची घरची रीत तेवढी मागे ठेवून गेले. लिओनी शाळेची बस चालवायची. सकाळी मुलं शाळेत सोडायची, दुपारी घरी पोचवायची. मधल्या वेळात बस सावलीत लावून, स्टिअरिंगवर वही टेकवून पटकथा लिहायची. सरकारी निधीच्या कार्यालयात ती पटकथा पाठवायची आणि तिथून शहाणपणाचे डोस यायचे. "यात काही घडत कसं नाही?" "नायिका जरा तरुण करता येईल का?" एकदा तर कुणीतरी लिहिलं होतं, की हीच गोष्ट सिडनीत घडवली तर? मेंढ्यांच्या शेडमधली गोष्ट, आणि सिडनीत! लिओनीने तो कागद बसमध्ये मुलांना वाचून दाखवला. मुलं शाळा येईपर्यंत हसत होती.

पहिले दोन सिनेमे तिने गावातल्याच माणसांना घेऊन, उसन्या कॅमेऱ्यावर केले. शहरातल्या थिएटरवाल्यांनी तोंडाला पानं पुसली. मग ती प्रोजेक्टर व्हॅनमध्ये टाकून गावोगाव निघाली. आमच्याकडे प्रत्येक गावाला एक इन्स्टिट्यूट हॉल असतो. लग्नाचा नाच, मतदान, कुणाच्या मरणानंतरचा चहा, सगळं तिथेच. लिओनी तिथे पडदा लावायची, बायका घरून केक आणायच्या, आणि सिनेमा संपला की चहा पिता पिता लोक तिला तोंडावर सांगायचे काय आवडलं, काय नाही. एक म्हातारा शेतकरी म्हणाला होता, "बाई, तुझी नायिका कुंपणाची तार ज्या पक्कडीने ओढते ना, तिने तार नाही, दात ओढतात." पुढच्या सिनेमात पक्कड बरोबर होती.

तिसरा सिनेमा तिने पेंडर्स सायडिंगला केला. रेल्वेमुळे वसलेलं आणि रेल्वे बंद झाल्यावर ओस पडत चाललेलं गाव. गोष्ट एवढीच, की एक म्हातारा गँगमन, ज्या लोहमार्गावर आता गाडीच येत नाही, तो रोज सकाळी तपासत चालत जातो. गावाला वाटतं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. तो मात्र कुणाला काही सांगत नाही, आणि तो मार्ग का सोडत नाही ते शेवटी कळतं.

सिनेमात तो म्हातारा जो झाला, त्याचं नाव मी इतक्यात घेणार नाही. का, ते कळेलच. आम्ही त्याला काका म्हणायचो. सगळं गावच म्हणायचं. तो तिथल्या मूळ लोकांतला. गोरा माणूस बोटीतून उतरला त्याच्या कितीतरी आधीपासून ती जमीन त्यांची, आणि तिच्यावरचे ते रूळ काकांनीच तरुणपणी टाकलेले. त्यांनी आयुष्यात अभिनय केला नव्हता, आणि त्यामुळे त्यांचं काहीच अडलं नाही.

"लिओनी," ते म्हणायचे, "तू बस चालवतेस तसंच शूटिंग करतेस. दर थांब्याला थांबतेस!"

"काका, तुम्ही नीट चाललात तर थांबावं लागणार नाही."

"मी या रुळांवरून तुझ्या बापाच्या जन्माआधीपासून चालतोय. मला शिकव चालायला!"

शूटिंग सुरू व्हायच्या आधी लिओनी काकांच्या मुलीकडे, वर्नाकडे, गेली होती. मीही होतो. वर्ना गावच्या दवाखान्यात काम करायची. कमी बोलायची आणि समोरचा खोटं बोलतोय का ते बघत राहायची. स्वयंपाकघरात चहा झाला. काका मध्येच म्हणाले, "माझं काही बरंवाईट झालं तर पोरींनो, ते पिक्चर वर्नाचं. ती दाखव म्हणेल तेव्हा दाखवायचं. तोपर्यंत माझं थोबाड कुणाला दिसता कामा नये."

त्यांच्यात तसंच आहे. माणूस गेला की त्याचं नाव घ्यायचं नाही, फोटो उलटा करायचा, आवाज ऐकवायचा नाही. घरचे सांगतील तेव्हा ते पुन्हा सुरू होतं. कधी काही महिने लागतात, कधी कितीतरी वर्षं.

"दिला शब्द," लिओनी म्हणाली.

"कागद करायचा का?" मी विचारलं.

वर्ना पहिल्यांदा हसली. "आमच्याकडे कागद पुष्कळ झालेत, कॉन. या बाईचा शब्द बघू या."

सिनेमा झाला. चांगला म्हणजे इतका चांगला झाला, की ज्या कार्यालयातून उपदेश यायचे तिथूनच अभिनंदनाचे फोन आले. ज्युलियनने तो महोत्सवाच्या पहिल्या संध्याकाळसाठी निवडला. परदेशातले खरेदीदार येणार होते. लिओनीने आयुष्यात पहिल्यांदा महागाचे बूट घेतले आणि काकांनी सूट शिवायला टाकला.

सूट तयार झाला, पण घालायला काका राहिले नाहीत. महोत्सव तोंडावर आला असताना सकाळी अंगणात बसल्या बसल्या गेले.

लिओनीने वर्नाला फोन केला. पलीकडून वर्ना एवढंच म्हणाली, "आत्ता नको."

"बरं," लिओनी म्हणाली, आणि फोन ठेवून लगेच ज्युलियनला लावला. मी शेजारीच होतो. त्याचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

"लिओनी, भावना समजतात. पण आपण सुरुवातीला सूचनेची पाटी लावू, की यात मृत व्यक्तीचं चित्र आहे. सगळेच लावतात."

"पाटी पुरत नाही. घरच्यांनी नको म्हटलंय."

"पण हक्क तर तुझ्याकडे आहेत!"

"शब्दही मीच दिलाय."

"अगं, अशी संधी परत येत नाही. तू कोण आहेस इथे? अजून कुणीच नाहीस!"

"मग कुणीच नसलेल्या बाईचा सिनेमा काढून टाकायला काय जड जातंय?" लिओनी म्हणाली. "आणि ती दोन मिनिटांची झलक दिली होती, तीही परत पाठव."

तो म्हणाला, नक्की. मी माझ्या कानांनी ऐकलंय. नक्की म्हणाला.

आम्ही पेंडर्स सायडिंगला गेलो. घरात सुतक होतं. लांबलांबचे नातेवाईक आलेले, अंगणात गाद्या टाकलेल्या. लिओनीने टोपलीभर पेस्ट्या केल्या होत्या. रात्रीचा मुक्काम करून आम्ही सकाळी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो. काकांची धाकटी बहीण, जिला सगळे आत्या म्हणत, टेबलाशी बसली होती. कोपऱ्यात टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या, हवामान बघायला.

पडद्यावर ज्युलियन आला. काळा सूट, पडलेला चेहरा. आमच्याकडे कुठलाही समारंभ जसा सुरू होतो तसा तो सुरू झाला: ज्या भूमीवर आपण जमलो आहोत तिच्या मूळ मालकांना वंदन, त्यांच्या होऊन गेलेल्या आणि हयात वडीलधाऱ्यांना आदर. सगळं पाठ. आणि ते म्हणून होतं न होतं तोच म्हणाला, "असेच एक वडीलधारे आपण नुकतेच गमावले." मग त्याने काकांचं नाव घेतलं, पूर्ण. आणि त्याच्यामागे भिंतीएवढ्या पडद्यावर काका चालू लागले. रुळांवरची खडी त्यांच्या बुटांखाली वाजत होती. तो आवाज मी धरला होता. वर त्यांचं हसणं.

आत्याने जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात आहे. कुणीतरी वायर ओढून टीव्ही बंद केला. अंगणातली माणसं आत धावली. वर्ना दारात उभी राहिली आणि लिओनीकडे बघत राहिली, तशीच, समोरचा खोटं बोलतोय का ते तपासावं तसं.

"वर्ना, मी त्यांना—"

"आत्ता घरी जा, लिओनी."

आम्ही निघालो. लिओनी गाडी चालवत होती. वाटेत पेट्रोल पंपावर तिने ज्युलियनला फोन लावला. त्याचं म्हणणं असं, की आम्ही आदरांजलीच वाहिली. सभागृहात आधी पाटी दाखवली होती. टीव्हीवाल्यांनी ती कापली, त्याला आम्ही काय करणार? उलट सगळं सभागृह उभं राहिलं, लोक रडले.

"रडले?" लिओनी ओरडली. पंपावरची माणसं वळून बघायला लागली. "त्यांची बहीण तिथे जमिनीवर लोळतेय, आणि तुझे लोक वाइन पिऊन रडले! वडीलधाऱ्यांना आदर म्हणालास ना, निर्लज्जा? त्या वडीलधाऱ्याच्या घरचे नको म्हणत होते, तेवढं तुला ऐकता आलं नाही!"

माफी त्याने आजतागायत मागितलेली नाही. गैरसमज झाल्याबद्दल खेद वाटतो, एवढं त्याच्या कार्यालयाने कळवलं. गैरसमज! त्याच माणसाने पुढच्या वर्षी लिओनीला परिसंवादाला बोलावलं. विषय होता, मूळ लोकांच्या परंपरांचा सिनेमात मान कसा राखावा. तिने कळवलं, की आधी तू जाऊन आत्यांसमोर भाषण कर, मग मी येते.

तिथून तिच्या नावावर हट्टीपणाचा शिक्का बसला. त्यानंतर तिने लिहिलेल्या दोन पटकथा कुणी उघडूनही पाहिल्या नाहीत. परदेशातला खरेदीदार तिसऱ्या सिनेमासाठी फोन करायचा, मग कमी करायचा, मग थांबला. रिळं तिच्या पलंगाखाली पेटीत, आणि माझ्या कपाटात काकांचा आवाज. मी तो एकदाही लावला नाही. बस मात्र चालूच होती. ज्या मुलांना ती शाळेत सोडायची त्यांची लग्नं झाली.

मी तिच्याशी भांडायचो. "अगं, एकदा विचार तरी वर्नाला. विसरली असेल ती."

"बापाला विसरली असेल?"

"म्हणजे सिनेमाला. एक फोन कर."

"फोन केला की तिला हो किंवा नाही म्हणावं लागेल, कॉन. तिच्यावर ते ओझं मी का टाकू? ती सांगेल तेव्हा."

"आणि नाहीच सांगितलं तर?"

"तर नाही."

मला तिचा राग यायचा. आज वाटतं, चुकीच्या माणसावर राग काढत होतो.

मग गेल्या वर्षी, दुपारच्या फेरीला, शेवटच्या थांब्यावर एक पांढऱ्या केसांची बाई उभी होती. मुलं उतरल्यावर ती बसमध्ये चढली आणि लिओनीच्या मागच्या सीटवर बसली. पेंडर्स सायडिंगहून एवढा रस्ता गाडी चालवत आलेली वर्ना.

"आत्या म्हणते, तिचे डोळे जायच्या आत भावाला बघायचंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू एकदाही फोन केला नाहीस."

"नाही."

"मी वाट बघत होते, कधी करतेस. केला असतास तर नाही म्हणाले असते." आणि मग, "आमच्या हॉलची किल्ली माझ्याकडेच असते. पडदा तू आण."

हे लिओनीने मला सांगितलं तेव्हा ती फोनवर हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. ज्युलियनच्या जुन्या महोत्सवाला याचा कसा कोण जाणे वास लागला. तिथल्या नव्या माणसाचा फोन आला, पहिला खेळ आमच्याकडे करा, मोठा सन्मान करू. लिओनी म्हणाली, "पहिल्या खेळाच्या सगळ्या खुर्च्या भरल्यात." मेळाव्यात माईकवरून हे कुणी सांगितलं नाही. म्हणे संधी घालवली!

पेंडर्स सायडिंगच्या इन्स्टिट्यूट हॉलमध्ये पुढच्या रांगेत सगळं घर बसलं होतं. आत्या मधोमध, काकांचा तो कधीच न घातलेला सूट मांडीवर घेऊन. सूचनेची पाटी नव्हती, भाषण नव्हतं. लिओनी मागे चहाच्या टेबलाशी, भिंतीला पाठ लावून उभी. दिवे मी घालवले. खडी वाजायला लागली आणि काका चालत आले.

आत्या पुढे वाकली. मग तिने मांडीवर थाप मारली. "बघा, बघा कसा चालतोय! रस्ता बापाचा असल्यासारखा!"

"बापाचाच आहे, आत्या," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळा हॉल हसला.

सिनेमा संपल्यावर वर्ना उठून पडद्यासमोर उभी राहिली. पाठ केलेलं काही नव्हतं तिच्याजवळ. तिने मागे, भिंतीशी उभ्या लिओनीकडे पाहिलं.

"हा माझा बाप," ती म्हणाली. "मर्व्हिन टकर. आजपासून घ्या नाव."

आधी आत्याने घेतलं, मग पुढच्या रांगेने, मग सगळ्यांनी. इतकी वर्षं तोंडात अडकलेलं ते नाव मीही मोठ्याने घेतलं. मर्व्हिन टकर.