बुफेची पंगत काही उठेना

“नवीन बाई दिसतात. पण वाढतात मात्र फार प्रेमाने!” शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ बायकोला म्हणाले.

ती नवीन बाई माझी आत्या होती.

नंदनवन कॉलनीतल्या आमच्या घराची फरशी उखडलेली, आणि आत्या नेमकी तेव्हाच नरखेडहून नात्यातल्या एका लग्नाला आलेली. म्हणून बाबांनी सगळ्यांना एका हॉटेलात ठेवलं. नाश्ता वेगळा, माणशी सहाशे रुपये! एवढ्या पैशांत माणूस सकाळी नेमकं काय खातो, याचं मला आदल्या दिवसापासून कुतूहल होतं. (विचारलं कुणालाच नाही. मी बघते फक्त.)

आत्या हॉलमध्ये शिरली आणि थबकली. “हे लोक ताटं घेऊन उभे काहून आहेत वं? वाढणारं कोणी नाही?”

“आत्या, इथे आपलं आपण...” मी म्हणाले. बहुधा मनातच. कारण तोवर तिने पदर खोचून पोह्यांचं भांडं उचललं होतं!

“घ्या ना जी! एवढुशानं काय होते?” टाय लावलेल्या एका साहेबांच्या इडलीवर पोहे पडले. साहेब चक्क हसले. पुढच्या टेबलाने पोह्यांवर झणझणीत रस्सा, म्हणजे तर्री मागितली. त्यापुढच्याने ऑम्लेट सांगितलं, तर आत्या थेट स्वयंपाक्याकडे. “अंडं लवकर फोड गा, पाहुणे उपाशी हायेत!”

“अक्का, तू तर खा!” बाबा कळवळले. “तुहे पैसे भरले ना!”

“पंगत उठल्याशिवाय वाढणारीनं खायचं असते का?”

आणि बुफेची पंगत काही उठेना! एक टेबल रिकामं झालं की लिफ्टमधून नवे दोघे हजर. मी केक, पास्ता, कसलासा गार दलिया सगळं चाखून पाहिलं. सहाशेचं काहीच वाटलं नाही. आत्याने वाढलेले पोहे मात्र तीनदा घेतले.

साडेदहा वाजले. वेटर भांडी उचलू लागले. आत्याच्या पोटात अजून घोटभर चहासुद्धा नव्हता, मधुमेहाची गोळी काही खाल्ल्याशिवाय घेता येत नव्हती, आणि लग्नातलं जेवण तिनाच्या आधी मिळणार नव्हतं.

“मॅनेजरले सांग,” बाबांनी मला पुढे ढकललं. “तू इंग्लिश मीडियमची ना!”

मी मनात एक सभ्य इंग्रजी वाक्य जुळवलं. तपासलं. त्यातलं ‘प्लीज’ सुरुवातीला आणलं. तेवढ्यात पोह्यांचं भांडं दाराबाहेर निघालं, आणि अख्खा हॉल वळून बघेल अशा आवाजात मी ओरडले,

“काहून उचलून राहिले जी? माह्या आत्याचं खाणं बाकी हाये ना अजून!”