उण्णी म्हणजेच गोचीड

"मॅडम, तुम्ही जनावरांच्या डॉक्टर. माझ्या पेशंटमध्ये लक्ष घालू नका."

"औषध सांगत नाही, सर. फक्त त्यांचे तळपाय बघा."

नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी फोन कट केला.

समोर मनोज राव घाम पुसत उभे होते. टेबलावर त्यांची कुत्री, राणी, आडवी पडली होती. मैसूरच्या बोगादी भागात माझं पशुवैद्यकीय क्लिनिक आहे. राणीला टिक फीवर झाला होता, म्हणजे गोचीड चावल्यामुळे येणारा ताप. तिच्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या पेशी, घसरल्या होत्या. मी ते सांगितलं, तेव्हा राव म्हणाले होते, "आमच्या आईचंबी असंच, मेडम. प्लेटलेट कमी. डेंग्यू टेस्ट निगेटिव्ह. तरी सुम्ने, उगाच सलाईन चाललंय. आज आयसीयूत नेणार म्हणे."

रावांच्या आई देवराज मोहल्ल्यातल्या एका नर्सिंग होममध्ये होत्या.

कुत्र्याचा हा ताप माणसाला लागत नाही. पण तोच गोचीड माणसाला वेगळा ताप देऊ शकतो, टिक टायफस. त्यात तळहात-तळपायांवर लाल ठिपके उठतात. वेळेत ओळखला तर साध्या गोळ्यांनी उतरतो. उशीर झाला तर माणूस जातो. म्हणून मी लगेच विचारलं, "आईंना गोचीड चावला होता का?"

"नाही नाही."

राव पिढ्यानपिढ्या मैसूरचे. मी नगरची. इथे मराठी माणूस भेटला की मी हौसेनं मराठीच बोलते. त्यांनीही मराठीतच नाही म्हटलं. विषय संपला.

मग त्यांनी बायकोला फोन लावला आणि कन्नडमध्ये बोलू लागले. त्यात दोनदा 'उण्णी' आलं. कन्नडमधला हा शब्द मला इथल्या गवळ्यांमुळे माहीत.

"राव, राणीच्या उण्णी कोण काढतं?"

"आईच की. रोज मांडीवर घेऊन बसते. बोटानं काढते, नखानं चिरडते."

"अहो, उण्णी म्हणजेच गोचीड!"

"अय्यो! तसं सांगायचं की, मेडम! मी गोम समजलो. आमच्या घरात गोम कुठली?"

तेव्हाच मी नर्सिंग होमला फोन केला होता आणि वरचं उत्तर ऐकलं होतं. तिथल्या डॉक्टरांनीही आईंना विचारलं होतं म्हणे, "इन्सेक्ट बाइट?" गोचीड चावलेलं दुखत नाही. आई नाही म्हणाल्या. माझं डोकं तापलं. कुत्र्याचं रक्त एका खात्याचं, माणसाचं दुसऱ्याचं, आणि मधल्या गोचिडाला वालीच नाही!

"तुम्ही जा," मी रावांना म्हटलं. "पायमोजे काढा. तळव्यांवर लाल ठिपके दिसले तर डॉक्टरांना हाताला धरून आणा."

राव स्कूटर घेऊन सुटले. राणीला सलाईन लावून मी क्लिनिकमध्ये येरझाऱ्या घालत राहिले. तासाभरानं फोन वाजला. तेच डॉक्टर.

"ठिपके सकाळी नव्हते."

"असेल, सर. गोळी?"

"सुरू केली." मग त्यांनीच विचारलं, "कुत्री कशी आहे?"

दोन दिवसांत आईंचा ताप उतरला. आयसीयू टळलं. राणीही जेवायला लागली.

मग हे कळून रावांच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, असोसिएशननं ठरवलं, भटकी कुत्री पकडून न्यायची. मी मीटिंगला गेले. सांगितलं, गोचीड अंडी कुत्र्यावर घालत नाही, भिंतीच्या फटीत घालतो. कुत्री नेलीत तर उपाशी गोचीड तुमच्याकडे येतील. अध्यक्ष म्हणाले, "डोंट वरी डॉक्टर, फॉगिंग सांगितलंय." डासांचा धूर! फटीतल्या गोचिडाला त्यानं काय होणार? तो सोडून गाडी निघूनही गेली.

हल्ली कुत्रं तपासताना मी घरात कोणाला ताप आहे का, तेही विचारते. आणि कन्नडमध्ये विचारते. आपल्या भाषेतलं 'नाही' ऐकायला बरं वाटतं, एवढंच; समोरच्याला प्रश्न कळला असेलच असं नाही.

रावांनी कंपाउंडच्या फटी औषध मारून बुजवल्या. भिंतीची पलीकडची बाजू शेजाऱ्यांची. त्यांनी हात लावू दिला नाही. त्यांच्याकडे कुत्रं नाही, म्हणून. गोचिडांना हे अजून कोणी कळवलेलं नाही.