लुगडं नेसवलेला वीर

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सुगंधा मरोळच्या चाळीमागच्या देवीचा पायथा नारळाच्या शेंडीने घासत होती. सवाष्णींनी उतरवून दिलेलं लुगडं धुऊन वाळत घातलं होतं. ही कामं तिची. पूजा मात्र सवाष्णींची, दर मंगळवारी एका खोलीची पाळी. गिरणीत असलेला नवरा, जयवंत, वारला त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून मंगळवारच्या पूजेला ती लांब उभी राहायची.

त्या दिवशी शेंदराचा जाड थर आपोआप सुटला आणि खाली पडून फुटला.

चाळीत पूजेचा कारभार पाहणारी रत्नप्रभा धावत आली.

"सुगंधा! काय केलंस गो ह्या?"

"वर हात पण नाय लावलंय मी. आपणच सुटला."

"तुझ्या हाताखाली सुटला ना? मग बस्स. उद्यापासून इकडे फिरकू नको. झाडू पण मीच मारीन."

सुगंधा एरवी नळावर कुणाला ऐकून घेणारी नव्हती. त्या सकाळी मात्र ती शेंडी टाकून चौथ्या खोलीत, आपल्या घरी निघून गेली. देवीजवळ जायला तिला झाडलोटीचं तेवढंच एक निमित्त उरलं होतं.

अंधेरीच्या कॉलेजात इतिहास शिकवणारी मृणालिनी त्या वर्षी, १९८६ साली, उपनगरांतले जुने दगड बघत फिरत होती. चाळीत ती दोनदा येऊन गेली होती. लुगडं आणि शेंदूर यांच्यापलीकडे तिला काही दिसलं नव्हतं. संध्याकाळी ती पुन्हा आली आणि उघडा दगड पाहून त्याच्यासमोर खाली बसली. बायका जमल्या. सुगंधा मागे, संडासाच्या भिंतीपाशी थांबली.

मृणालिनीने बॅटरी दगडाला चिकटवून उजेड आडवा मारला. समोरून सपाट वाटणाऱ्या दगडावर सावल्या उठल्या.

"ह्या गाई. हा ढाल-तलवारवाला. हा बघा, पडला. आणि वर तोच शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून बसलाय. वीरगळ आहे ही. गाई वाचवताना मेलेल्या माणसाची आठवण."

"माणसाची?" रत्नप्रभा म्हणाली. "म्हणजे बाप्याची?"

"हो."

"अगो बाय! आणि आम्ही त्याला लुगडी नेसवतोय, गजरे माळतोय!"

"म्हणून बोलत नाय बिचारा, लाजतोय," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्या खिदळल्या. भिंतीपाशी सुगंधाही हसली आणि मग तिथूनच तिने विचारलं, "बाई, ह्याच्या बायकोला पण लांब उभी करायचे काय?"

"ते मला नाही सांगता येणार. दगडावर तेवढं नाही. पण हा मेलेल्याच्या आठवणीसाठी उभा केलाय, एवढं नक्की. सवाष्णींनीच पुजायचं, हे कधी ठरलं? कुणाला आठवतंय?"

"पूर्वापार आहे ता," दोघी-तिघी एकदम म्हणाल्या.

रत्नप्रभाने मान हलवली. मग म्हणाली, "पूर्वापार कसला? माझ्या सासूने पहिलं लुगडं नेसवलं. आमच्या बाळाच्या बारशाला. नियम पण तिचाच. त्याआधी येणारा-जाणारा फूल टाकायचा. मी बघितलंय."

रत्नप्रभाचा मुलगा बाळा आता तीस वर्षांचा होता.

रत्नप्रभा मागे वळली. "गेल्या मंगळवारी पूजेची पाळी कुणाची झाली?"

"तिसऱ्या खोलीची," सुगंधा म्हणाली.

"मग चौथी कोण? माझी सासू? पुढे ये. आणि सकाळचा राग धरू नको. मी घाबरलंय."

सुगंधा पुढे आली. चार वर्षांनी तिने पायथ्याच्या वर, दगडाला तळहात लावला. शेंदराखालचा दगड थंड होता. मग ती घरी गेली आणि गावाहून आलेल्या कुळथाच्या पिठाची पुडी घेऊन आली.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू? दुसरा काय नाय माझ्याकडे."

"मी फक्त बॅटरी धरली," मृणालिनी म्हणाली. "पाळी रत्नप्रभाबाईंनी दिली."

"तिचेपण उपकार. तिला पिठी मी रोजच देतंय, कधी परत केली नाय तिने."

"ऐकतंय हां मी!" रत्नप्रभा म्हणाली.

मृणालिनीने पुडी पिशवीत नीट ठेवली. वाळलेलं लुगडं वीराला आता नको, म्हणून घडी होऊन रत्नप्रभाच्या घरी गेलं.

उद्या मंगळवार. पूजा सकाळी सहाला, पाळी चौथ्या खोलीची.