श्रद्धांजलीचा धागा वेगळा आहे

यजमानांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा जळगावात मे महिना होता. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं. आमचं घर जळगावजवळच्या असोदा गावचं. दारात आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या. आणि मी घरच्याच माणसाच्या हातातून पेला काढून घ्यायची. "एकच घोट दे," ते म्हणायचे. मी द्यायची नाही.

किडनीच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी एक मराठी फोरम आहे. तिथे उपचारांवरच्या चर्चेचा शेकडो पानांचा एक धागा होता. मी त्यावर विचारलं, "उन्हाळ्यात यांची तहान कशी भागवू?" फोरमच्या संचालकांचं उत्तर आलं, "ताई, हे येऊन गेलंय. आधी पूर्ण धागा वाचा, मग लिहा."

झोंबलं, पण वावगं नव्हतं. दवाखान्यात आत यांचं रक्त मशीनमधून फिरायचं आणि मी बाहेर बाकावर बसून पहिल्या पानापासून वाचायची. धुळ्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं, दिवसाच्या पाण्यातलंच थोडं बर्फाच्या ट्रेमध्ये ओता, एकेक खडा चघळायला द्या. तसं केलं. पहिला खडा तोंडात धरून त्यांनी डोळे मिटले. "हे बरंय," म्हणाले.

मग मीही तिथलीच झाले. विषय सोडून लिहिलं नाही, झालेलं पुन्हा विचारलं नाही. लोक यांची विचारपूस करायचे, धुळ्याच्या बाई तर सणावारीही.

पोळ्याच्या तोंडावर हे गेले. तेरावं झाल्यावर मी धाग्यावर लिहिलं, "आमचे हे गेले. तुमचा सगळ्यांचा आधार होता." थोड्या वेळाने पाहिलं तर मजकूर नाही. संचालकांचा निरोप होता: "ताई, तुमच्या दुःखात सहभागी आहोत. पण हा धागा उपचारांचा आहे, नवीन लोकांचा धीर खचतो. श्रद्धांजलीचा धागा वेगळा आहे, मजकूर तिकडे हलवला आहे."

तिकडे जाऊन पाहिलं. एकाखाली एक गेलेली माणसं, प्रत्येकाखाली जोडलेल्या हातांचं तेच चित्र. यांच्याखाली दोन अनोळखी लोकांनी हात जोडले होते.

पुढच्या आठवड्यात जुन्या धाग्यावर धुळ्याच्या बाईंनी विचारलं, "ताई, दिसला नाहीत बरेच दिवस. भाऊ कसे आहेत?" मी त्यांना खाजगीत कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "मला कळलंच नाही हो. मी तिकडे जात नाही. भीती वाटते."

त्यांचे यजमान अजून मशीनवर आहेत. बाईंचा मला राग आला नाही. संचालकांचा येतो. ते नियमाने वागले, म्हणून जास्तच येतो.