लाट आला की लाट आली

भूल देणं हा माझा धंदा. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात मी इतकी वर्षं माणसं झोपवतोय, आणि थिएटरमधल्या नर्सेस म्हणतात की निम्म्या पेशंट्सना औषध लागतच नाही, डॉक्टरांनी गोष्ट सुरू केली की ते आपोआप जातात. तेव्हा मी थोडं फुगवून सांगतो हे आधीच कबूल. पण या प्रकरणात फुगवायचं काम म्युझियमनेच उरकून ठेवलं होतं.

शहराबाहेरच्या ज्या टाऊनमध्ये आम्ही राहतो, त्याला जन्मात एकच मोठा माणूस लाभला. बिअर गाळणाऱ्या घरातला तिसरा मुलगा. तीनदा निवडणूक हरला. चौथ्यांदा जिंकला, कारण समोरचा उमेदवार ऐन वेळी घोड्यावरून पडला. घोडा बिअर कंपनीचा होता असं मी सांगतो, पण माझं कोणी ऐकत नाही. पार्लमेंटात त्याने कुत्र्यांच्या लायसन्सवर एक दणदणीत भाषण केलं, त्यावर ज्युनिअर मिनिस्टर झाला. मग एका मेजवानीत त्याने आपल्याच पंतप्रधानांची नक्कल केली, आणि पंतप्रधान मागेच उभे होते. अशा माणसाचं करायचं काय? मुंबई इलाख्याचा गव्हर्नर! आमच्या आज्या-पणज्यांवर राज्य करून तो परत आला, लॉर्ड झाला, गुलाबाच्या एका जातीला बायकोचं नाव दिलं आणि वारला.

दोन हजार सहा-सातच्या उन्हाळ्यात म्युझियमने त्याच्यावर प्रदर्शन काढलं. तिथल्या क्युरेटर बाईंचा मला फोन, "इंडियन कम्युनिटीच्या काही आठवणी मिळतील का?" इंडियन कम्युनिटी म्हणजे आम्ही, एक गुजराती न्यूजएजंट आणि त्याचा मेव्हणा. पण योगायोग असा की माझे वडील तेव्हा आमच्याकडे आले होते. वय ऐंशीच्या पुढे, रिटायर्ड शाळामास्तर. आणि त्यांनी लहानपणी हाच गव्हर्नर डोळ्यांनी पाहिला होता.

बाबा टेपसमोर ताठ बसून बोलले. त्यांचं गाव घाटावरचं, समुद्र चार दिवसांच्या वाटेवर. गावाशेजारच्या ओढ्याला पूल नव्हता. आदल्या पावसाळ्यात बाबांची आत्या ओढा ओलांडताना वाहून गेली. म्हणून आजोबांनी पुलासाठी अर्ज लिहिला आणि साहेबाची स्वारी येणार त्या दिवशी रस्त्याकडेला सकाळपासून उन्हात उभे राहिले. "दुपारी लाट आला," बाबा म्हणाले. "मोटार थांबलीच नाही. साहेबाने हात हलवला आणि गेला. अर्ज वडलांच्या हातातच राहिला."

टेपवरून इंग्रजीत उतरवायचं काम माझ्या लेकीने केलं. ती इथेच जन्मलेली, मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत, सुट्टीला घरी आलेली.

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी बाबा कोट घालून आले. बोट फिरवत त्यांनी आपल्या आठवणीची पाटी वाचली, आणि बोट मध्येच थांबलं.

"अरे, हे काय? वेव्ह?"

पाटीवर लिहिलं होतं की गावावर प्रचंड लाट आली होती, आणि गव्हर्नरसाहेबांनी जातीने येऊन पूरग्रस्तांचं सांत्वन केलं. खाली बाबांचा फोटो.

मी तिथूनच लेकीला फोन लावला. "अगं, लाट म्हणजे गव्हर्नर! लाटसाहेब! लॉर्ड!"

"मग लाट म्हणजे वेव्ह नाही का?"

"ती लाट येते. हा लाट येतो. बाबा 'आला' म्हणाले ना?"

"मला वाटलं, आजोबांनी जेंडर चुकवला. तुम्ही सगळे माझा जेंडर चुकला की हसता. म्हणून मी करेक्ट केलं, कोणाला सांगितलं नाही. त्यांना एम्बॅरस नको व्हायला."

यावर ओरडणार तरी कसं, सांगा! आणि सांत्वन? हात हलवला याचं पोरीने 'ही वेव्हड' असं लिहिलं होतं, क्युरेटर बाईंनी त्याचं सांत्वन केलं. अर्जाची वाक्यं होती, ती जागा नाही म्हणून कापली.

मी बाईंना गाठलं. बाई अतिशय गोड. इथला नकार मधात घोळूनच येतो. पाटी छापून झाली होती. बजेट संपलं होतं. बदल करायचा तर कमिटी, आणि कमिटीची मीटिंग प्रदर्शन संपल्यावर. मी इमेल लिहिले. इतके की आमच्या की-बोर्डवरची अक्षरं पुसली गेली. शेवटी उत्तर आलं: लाटेचा उल्लेख कमिटीच्या मीटिंगनंतर काढता येईल, पण अर्जाबद्दल लिहायला पुरावा हवा. गव्हर्नरांच्या कागदपत्रांत असा अर्ज आढळत नाही.

मी ते बाबांना वाचून दाखवलं.

"घेतलाच नाही, तर सापडेल कसा?" बाबा म्हणाले.

हेच वाक्य मी कॅपिटल अक्षरांत पाठवलं. उत्तरात माझ्या उत्साहाबद्दल आभार.

बाबांचं विमान शनिवारचं होतं. गुरुवारी म्हणाले, "मला तिथे सोड." मला वाटलं, निरोप घ्यायला. हा गृहस्थ सरळ पाटीशेजारी जाऊन उभा! म्युझियमच्या स्वयंसेवक काकांनी खुर्ची आणली, बसले नाहीत. येईल त्याला गव्हर्नरच्या तसबिरीकडे बोट दाखवून सांगायचे, "नो वेव्ह. धिस मॅन. माय फादर स्टँडिंग. कार नॉट स्टॉपिंग." विद्यार्थ्यांना आयुष्यभर व्याकरण शिकवलेला माणूस! मी मागे उभा, रागाने लाल. दिवसभरात नऊ माणसं आली. त्यांतली तीन टॉयलेट विचारायला. एकाने बाबांना तिकीट दाखवलं.

बंद व्हायच्या वेळी काठी टेकत एक इंग्लिश आजीबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तसबीर पाहिली, पुन्हा बाबांकडे पाहिलं आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?" बाबांनी मला विचारलं.

"पूल झाला का, विचारतायत."

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. कमिटीने नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

"सांग त्यांना, झाला. स्वातंत्र्यानंतर, पुष्कळ वर्षांनी. वडील तोवर नव्हते."

मी सांगितलं. आजीबाईंनी मान हलवली आणि बाबांचा हात हातात घेऊन उभ्या राहिल्या. स्वयंसेवक काका दिवे मालवत आमच्यापर्यंत आले, तरी सोडला नाही.

पाटी प्रदर्शन संपेपर्यंत तशीच होती.